पिवळं पान कुठलं? वरचं की खालचं?

कफ परेडच्या मच्छीमार नगरात शिरलात की मागे टॉवर, पुढे बोटी आणि मधल्या गल्लीत दारोदारी हिरवळ. कुंड्या मात्र नर्सरीतल्या नव्हेत. बर्फातल्या मासळीचे जुने थर्माकोलचे खोके, रंगाचे डबे, तळ गेलेली घमेली. त्यांत तुळस, मिरची, कढीपत्ता, अळू. आणि टॉनिक म्हणून म्हावरं धुतलेलं पाणी.

टॉनिक झकास, पण ते लागू पडायला वेळ लागतो. मासळीतला नायट्रोजन प्रथिनांत अडकलेला असतो. मुळांना तो मुख्यतः नायट्रेट किंवा अमोनियम आयनांच्या रूपातच पचतो. मधली फोडाफोड मातीतले जिवाणू करतात (वासावरून काम चालू असल्याचं कळतंच). काट्यांतलं कॅल्शियम फॉस्फेट तर महिनोन्‌महिने विरघळत बसतं. आणि पोटॅश या खतात मुळातच कमी.

आता खरी गंमत. झाडाला काय कमी पडलंय हे ओळखायचं तर पान पिवळं आहे एवढं पुरत नाही. कुठलं पान पिवळं आहे ते बघायचं. नायट्रोजन, मॅग्नेशियम, पोटॅशियम हे फिरते गडी. टंचाई आली की झाड जुन्या पानांतून ते काढून कोवळ्या शेंड्याला देतं. आधी पोरांना, मग म्हाताऱ्यांना! म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह आणि कॅल्शियम जिथे बसले तिथेच बसतात. त्यांची टंचाई नव्या पानांवर दिसते. खालचं पान सगळं पिवळं असेल तर संशय नायट्रोजनवर. खालच्याच पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो, भोवती नायट्रोजनचे चार. तोच नसेल तर हिरवा रंग येणार कुठून?

शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे बहुधा लोह. घाटावरचे ऊसवाले याला 'केवडा पडला' म्हणतात. चुनखडीच्या रानात लोह असतं, पण विम्लतेमुळे ते मुळांच्या हाती लागत नाही. बाजारात माल आहे, पण दुकानाला कुलूप! समुद्रकाठच्या डब्यात हाच खेळ होऊ शकतो, कारण रेतीत शिंपल्यांचा चुरा असतो आणि शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तपासायला प्रयोगशाळा नको. चमचाभर कोरडी माती बशीत घ्या, लिंबू पिळा, कान जवळ न्या. चुरचुर ऐकू आली, बुडबुडे दिसले, की चुना सापडला.

पक्की खात्री हवी? लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस (म्हणजे लोहाचं सल्फेट) विरघळवा आणि संध्याकाळी पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागाला बोटाने लावा. आठवडाभरात तेवढाच भाग हिरवा झाला तर गुन्हेगार सापडला. उरलेलं अर्धं पान साक्षीदार. इतका स्वस्त प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

पानांच्या कडा करपल्या तर पुस्तक सांगतं: पोटॅश कमी. दर्याकाठी जरा थांबा. खारा वाराही कडा जाळतो. पोटॅशची कमतरता जुन्या पानांपासून चढत जाते. वाऱ्याचा मीठमारा समुद्राकडच्या बाजूला जास्त दिसतो. तिथे खत नको, गोड्या पाण्याने पानं धुवा. सुक्या मासळीचं पाणी तर कुंडीत मुळीच ओतू नका, ते मीठच आहे.

हे सगळं पहिल्यांदा कुणी तपासलं? जॉन वुडवर्ड या इंग्रजाने पुदिना वेगवेगळ्या पाण्यांत वाढवला आणि 1699 साली ते प्रयोग छापले. पावसाच्या स्वच्छ पाण्यातला रोडावला, माती कालवलेल्या पाण्यातला सगळ्यांत फोफावला. 1860 च्या सुमारास जर्मनीत झाक्स आणि क्नोप यांनी मातीला सुट्टी देऊन नुसत्या क्षारांच्या पाण्यात झाडं वाढवली. तेव्हापासून पद्धत ठरली: एका बाटलीत सगळे क्षार, बाकी प्रत्येकीत एकेक वगळलेला. शाळेच्या प्रकल्पाला हे करायचं असेल तर बाटल्यांना काळा कागद गुंडाळा, नाहीतर शेवाळ माजतं. आणि मूग घेऊ नका. त्याच्या डाळीतच शिदोरी भरलेली असते. नायट्रोजन वगळला तरी तो बरेच दिवस मजेत राहतो. टोमॅटोची रोपं बरी.

वगळायच्या यादीतली काही मूलद्रव्यं तर अगदी चिमूटभर लागतात. मॉलिब्डेनम हा धातू किती लागतो? नायट्रोजनच्या सुमारे दहा लाख अणूंमागे त्याचा एक अणू. पण तेवढाही नसेल तर झाडाला नायट्रेट वापरता येत नाही.

जाता जाता किनाऱ्यावरची तिवरं बघा. बरंचसं मीठ ती मुळाशीच अडवतात, आत शिरलेलं पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतात. उन्हात पानावर पांढरे कण चमकतात. चाटलंत तर खारट लागेल. पण खालच्या पाण्याचा वास आधी घ्या.