मुक्तिफौजेचा गोड वडा

मेदूवड्याला साखरेची संगत लागली तर काय होईल, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे डोनट. हमरस्त्यालगतच्या बेकऱ्यांच्या काचेआड तो आता आमच्या मलकापुरातही येऊन बसला आहे. मुले त्याच्यासाठी हट्ट धरतात आणि घरची वडीलधारी मंडळी तेवढ्या पैशांत किती शंकरपाळे झाले असते याचा हिशेब मांडतात. या पदार्थाच्या नावाने अमेरिकेत दर वर्षी जूनच्या पहिल्या शुक्रवारी चक्क एक दिवस पाळला जातो. माल खपवण्यासाठी कोणा बेकरीवाल्याने काढलेली ती युक्ती असावी, असे कोणालाही वाटेल. पण हा दिवस १९३८ साली शिकागोत सुरू झाला, तो साल्व्हेशन आर्मी, म्हणजे आपल्याकडे जिला मुक्तिफौज म्हणतात, त्या ख्रिस्ती संस्थेतल्या बायकांच्या गौरवासाठी. आणि मंदीत होरपळलेल्या गरिबांसाठी चार पैसे जमवावेत म्हणून.

या बायकांनी केले तरी काय? तर १९१७ साली, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, त्या अमेरिकन पलटणींच्या मागोमाग फ्रान्सला गेल्या. चिखल, पाऊस आणि घरची आठवण यांनी शिपाई गांजले होते. मार्गारेट शेल्डन आणि हेलन पर्व्हियन्स या दोघींच्या मनात आले, पोरांना काहीतरी घरचे करून घालावे. पण ना भट्टी, ना भांडी! पीठ, साखर, चरबी आणि डब्यातले दूध एवढ्यावर भागवायचे होते. लाटण्याच्या जागी, म्हणतात, त्यांनी दारूची रिकामी बाटली घेतली. दारूला न शिवण्याचे व्रत घेतलेल्या संस्थेने बाटलीचा याहून चांगला उपयोग क्वचितच केला असेल. लहानशा कढईत एका वेळी सात वडे मावत. पहिल्या दिवशी दीडशे झाले, आणि भर पावसात त्यासाठी रांग लागली. दिवाळीच्या आदल्या रात्री चुलीपुढे बसून ज्यांनी घाणे काढले आहेत, त्या गृहिणींना या दीडशेचा अर्थ समजावून सांगायला नको.

त्याच महायुद्धात आमच्या सातारा जिल्ह्यातलीही माणसे दूरदेशी लढायला गेली होती. अपशिंगे गावाला 'मिलिटरी' हे उपनाव उगीच चिकटलेले नाही. पहिल्या महायुद्धात पडलेल्या तिथल्या ४६ जणांचे स्मारक आजही गावात उभे आहे. त्यांच्या हातावर परमुलखात कोणी काही गरम ठेवले असेल का, हा विचार ते स्मारक पाहताना माझ्या मनात येतो.

मुक्तिफौजेचे आणि आपल्या मुलखाचे नाते मात्र या डोनटहून जुने आहे. विल्यम आणि कॅथरिन बूथ या दांपत्याने १८६५ साली लंडनच्या गरीब वस्तीत सुरू केलेले काम १९ सप्टेंबर १८८२ रोजी मुंबईच्या बंदरात उतरले. फौज म्हणजे माणसे किती? अवघी चार! त्यांचा म्होरक्या फ्रेडरिक टकर. हा जन्माने मुंगेरचा, आणि पंजाबातली बड्या मुलकी साहेबाची नोकरी सोडून आलेला. भगवी वस्त्रे, अनवाणी पाय, हातात भिक्षापात्र आणि नाव 'फकीर सिंग'. साहेबाने साहेबासारखे राहावे, ही गोऱ्या सरकारची पहिली अपेक्षा. तीच याने मोडली. रस्त्यावरून गाणी म्हणत मिरवणुका काढल्या म्हणून मुंबई सरकारने १८८३ साली त्याला महिनाभर तुरुंगात घातले. विशेष म्हणजे ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन या परधर्मीयांच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा धर्म आपला नव्हे, पण तो सांगण्याची मोकळीक हवी, एवढा साधा विवेक त्यात होता. आपल्याकडे आजही अशा संस्थांचे नाव निघाले की धर्मांतराचा प्रश्न लगेच पुढे येतो. तो विचारू नये असे मी म्हणणार नाही. टकर धर्मप्रसारासाठीच आला होता आणि त्याने ते कधी लपवलेही नाही.

माझी अडचण निराळी आहे. १८७१ च्या कायद्याने सरकारने कित्येक जमातींवर 'गुन्हेगार' असा शिक्का मारला होता. पुढे १९०८ पासून उत्तरेत या जमातींच्या वसाहती चालवण्याचे काम याच टकरने सरकारकडून घेतले. तिथे विणकाम, शेती शिकवली, शाळा काढल्या, हे खरे. पण हजेरी लावल्यावाचून आणि परवान्यावाचून जिथून हलता येत नाही, तिथल्या माणसाला मिळालेली मदत ही सेवा म्हणावी की पहारा? सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारा ज्यांनी पाहिल्या, त्यांच्या घरी जाऊन हे विचारावे. तो कायदा १९५२ साली गेला. शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. तुरुंगाची हवा खाल्लेला फकीर सरकारच्या बाजूने कुंपणाची किल्ली सांभाळतो, हे मला फ्रान्समधल्या त्या कढईशेजारी ठेवता येत नाही. कढईपुढच्या रांगेतला शिपाई आपल्या पायांनी आला होता आणि वडा हातात पडल्यावर निघून जायला मोकळा होता.

त्या बायकांना फ्रान्सला धाडणारी, अमेरिकेतल्या मुक्तिफौजेची तेव्हाची प्रमुख, म्हणजे बूथ दांपत्याची मुलगी इव्हँजेलिन. डोनटमागचे हे नाव महाराष्ट्राच्याही तोंडी आहे, फक्त त्याचा उगम कोणाला आठवत नाही. अहमदनगरला, आता अहिल्यानगरला, तिच्या नावाचे इव्हँजेलिन बूथ हॉस्पिटल आहे. गावची माणसे त्याला नुसते 'बूथ' म्हणतात. २०२० साली कोरोनाच्या साथीत, शेजारी शेजाऱ्याचे दार वाजवायला भीत होता तेव्हा, त्या दवाखान्याने साथीच्या रोग्यांना खाटा दिल्या. तिथे औषधाची आणि जेवणाची वाट पाहत पडलेल्यांत सगळ्या जातिधर्मांची माणसे होती, आणि बरे झालेले आपापल्या घरी गेले.