फ्ल्यूच्या विषाणूचा विळाच मोडीत



मानमोडीच्या तापाचे नाव तुम्ही घरच्या जुन्या माणसांकडून ऐकले असेल. तो १९१८ सालचा इन्फ्लुएंझा. त्या जूनमध्ये तो मुंबईच्या गोदीत दिसला, आणि परळ-लालबागच्या चाळींतून गावाकडे परतणाऱ्या माणसांबरोबर खेडोपाडी पोचला. त्या साली पावसानेही दगा दिला होता. माझी आजी तेव्हा आठ वर्षांची. तिरडी उचलायला चार खांदे मिळत नव्हते, असे ती सांगे.

परळलाच जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा होती; तीच पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. प्लेगवर तिच्याकडे लस होती, पण या तापापुढे तिचेही हात बांधलेले. माणसाच्या फ्ल्यूचा विषाणूच मुळी १९३३ साली सापडला.

आज टॅमीफ्लू आहे. ते काय करते, पाहा. विषाणू आपल्या पेशीत शिरून आपल्यासारखेच शेकडो विषाणू तयार करतो. बाहेर पडताना ते पेशीला चिकटून राहतात. त्यांना कापून मोकळे करणारे एक प्रथिन विषाणूजवळ असते, त्याला विळाच म्हणा. टॅमीफ्लू या विळ्याचे पाते धरून ठेवते. पण विळ्याची घडण जराशी बदलली, की पकड सुटते. २००८-०९ च्या हंगामात अनेक देशांत नेहमीच्या एच१एन१ फ्ल्यूचे विषाणू या औषधाला दाद देईनासे झाले होते. त्याआधीचे अमँटाडीन तर आता फ्ल्यूवर जवळजवळ निरुपयोगीच. फवारणीला न जुमानणारी अळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

म्हणून आता नवी वाट शोधली जात आहे. तोडायच्या झाडावर वनखाते हातोड्याची खूण करते ना? आपली पेशीही नको असलेल्या प्रथिनावर युबिक्विटिन नावाची खूण चिकटवते, आणि मग त्या प्रथिनाचे तुकडे होतात. हे उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संशोधक आता दोन टोकांचा रेणू बनवतात. एक टोक विषाणूचा विळा धरते, दुसरे टोक खूण लावणाऱ्या विकराला. दोघे शेजारी आले, की खूण विळ्यावर पडते आणि विळाच मोडीत निघतो. रेणू मात्र सुटून पुढच्या विळ्याकडे जातो. पाते सतत धरून बसायचे नसल्यामुळे पकड थोडी सैल असली तरी काम भागेल, अशी आशा आहे. २०२२ मध्ये चीनमधील संशोधकांनी टॅमीफ्लूच्याच रेणूला असे दुसरे टोक जोडून पाहिले. प्रयोगशाळेतल्या पेशींत विळा खरोखरच कमी झाला.

पण हे पेशींवरचे प्रयोग. असा रेणू आकाराने मोठा, पेशीत सहज शिरत नाही. शिवाय आपली चांगली प्रथिने मोडू नयेत, हेही पाहावे लागते. तेव्हा बाजारात कोणी असे औषध दाखवले, तर पैसे देऊ नका. आणि टॅमीफ्लूचा कच्चा माल चक्रीफुलातून काढतात हे खरे असले, तरी चक्रीफुलाचा काढा म्हणजे टॅमीफ्लू नव्हे!

मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, गरोदर सुनेला किंवा तान्ह्या मुलाला जोराचा ताप, खोकला आला, तर ‘पेरणी उरकू, मग पाहू’ असे करू नका. टॅमीफ्लू पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तरच त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.