रणांगणापासून कोठडीपर्यंत : लिझ्यूच्या संत तेरेझची जोन ऑफ आर्कवरील भक्ती

बीजसंज्ञा : संतभक्ती, मध्यस्थी, योद्धा संत, कार्मेल मठ, राष्ट्रवाद, आत्मिक संघर्ष

प्रस्तावना

मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकविताना जोन ऑफ आर्कचा उल्लेख शतवार्षिक युद्धाच्या प्रकरणात येतो आणि रूआँ येथील चितेपाशी संपतो. एक शेतकरी कन्या, तिने उठविलेला ऑर्लेआँचा वेढा, राजाचा राज्याभिषेक आणि अखेरीस तिचे दहन, एवढ्या चार घटनांत तिचे चरित्र आटोपते. परंतु कॅथलिक जगतात जोनचे दुसरे आयुष्य तिच्या मृत्यूनंतर सुरू झाले, आणि ते भक्तांच्या अंतःकरणात घडत गेले. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या आयुष्यातील एका महत्त्वाच्या पर्वाचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मंडीतील लिझ्यू या गावी कार्मेल मठात राहणाऱ्या तेरेझ मार्टिन (१८७३–१८९७) या तरुण संन्यासिनीने जोनवर केलेली भक्ती हे ते पर्व होय. हीच तेरेझ पुढे भारतात ‘लिटल फ्लॉवर’ या नावाने परिचित झाली.

ज्या संन्यासिनीने वयाच्या पंधराव्या वर्षी मठात प्रवेश केला आणि चोविसाव्या वर्षी तेथेच देह ठेवला, तिला चिलखत घालून लढणाऱ्या स्त्रीचे एवढे आकर्षण का वाटावे, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधताना असे दिसते की, वैयक्तिक भक्ती ही केवळ संताकडे केलेली याचना नसते. भक्त आपल्या आयुष्याचा अर्थ संताच्या चरित्रात वाचतो आणि तसे करताना त्या चरित्राचा गुरुत्वमध्यच बदलतो.

संतभक्तीची कॅथलिक संकल्पना

मराठीत ‘भक्ती’ हा शब्द देव आणि संत या दोहोंच्या संदर्भात सहज वापरला जातो. कॅथलिक धर्मशास्त्र मात्र येथे स्पष्ट भेद करते. आराधना केवळ परमेश्वराची करावयाची असते. संतांना वंदन आणि सन्मान द्यावयाचा असतो. संत स्वतःच्या सामर्थ्याने वर देत नाही, तो भक्तासाठी परमेश्वराकडे प्रार्थना करतो. यालाच मध्यस्थी असे म्हणतात. मध्यस्थीच्या जोडीला अनुकरण हे दुसरे अंग येते. संताचे जीवन हा अनुसरण्याचा आदर्श मानला जातो.

योद्धा संतांच्या बाबतीत अनुकरणाचा प्रश्न अवघड होतो. संत जॉर्ज किंवा संत सेबॅस्टियन हे परंपरेने सैनिक मानले जातात. तथापि त्यांचे संतपद युद्धातील पराक्रमावर उभे नसून श्रद्धेसाठी पत्करलेल्या मरणावर उभे आहे. जोनचे तसे नाही. तिने प्रत्यक्ष सैन्याबरोबर मोहिमा केल्या आणि त्यांची कागदोपत्री नोंद उपलब्ध आहे. मग तिच्या भक्ताने अनुकरण कशाचे करावयाचे? तलवारीचे की आणखी कशाचे?

जोनचे चरित्र आणि तिचे दीर्घकाळ लांबलेले संतपद

जोनचा जन्म सुमारे १४१२ मध्ये दोंरेमी या खेड्यात झाला. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास आपल्याला दैवी वाणी ऐकू येऊ लागली, असे तिने पुढे न्यायालयात सांगितले. देवदूत संत मायकेल, संत कॅथरीन आणि संत मार्गारेट यांच्या त्या वाणी आहेत, अशी तिची श्रद्धा होती. म्हणजे जोन स्वतःही संतांची भक्तच होती, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी. ८ मे १४२९ रोजी ऑर्लेआँचा वेढा उठला आणि १७ जुलै १४२९ रोजी रँस येथे सातव्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. २३ मे १४३० रोजी काँपिएन्य येथे ती पकडली गेली आणि पुढे पैशाच्या मोबदल्यात इंग्रजांच्या स्वाधीन करण्यात आली. बोव्हेचे बिशप पिएर कोशाँ यांच्या अध्यक्षतेखाली रूआँ येथे तिच्यावर पाखंडाचा खटला चालला. ३० मे १४३१ रोजी तिला जिवंत जाळण्यात आले. त्या वेळी तिचे वय अवघे एकोणीस वर्षांचे असावे.

खटल्यात तिने दिलेली एक साक्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. तलवारीपेक्षा आपला ध्वज आपल्याला कितीतरी पटींनी प्रिय होता आणि कोणाची हत्या हातून घडू नये म्हणून आपण तो ध्वज स्वतः वाहत असू, असे तिने न्यायाधीशांना सांगितले. योद्ध्याच्या भूमिकेतही हिंसेविषयीचा हा संकोच होता.

पोप तिसरे कॅलिक्स्टस यांच्या अनुमतीने झालेल्या फेरचौकशीनंतर ७ जुलै १४५६ रोजी रूआँचा निकाल रद्द ठरविण्यात आला. परंतु संतपदाचा विचार सुरू होण्यास आणखी चार शतके जावी लागली. एकोणिसाव्या शतकात झ्यूल किशरा यांनी १८४१ ते १८४९ या काळात दोन्ही खटल्यांची कागदपत्रे पाच खंडांत प्रसिद्ध केली आणि जोनचा आवाज प्रथमच विस्तृत वाचकवर्गापर्यंत पोहोचला. इतिहासकार मिशले यांनी तिला जनतेची कन्या म्हणून रंगविले. ऑर्लेआँचे बिशप द्यूपाँलू यांनी १८६९ मध्ये तिच्या संतपदासाठी रोमकडे मागणी केली. १८७०–७१ च्या युद्धात प्रशियाकडून झालेल्या पराभवानंतर तर प्रजासत्ताकवादी आणि कॅथलिक हे दोन्ही पक्ष जोनवर आपापला हक्क सांगू लागले. २७ जानेवारी १८९४ रोजी पोप तेरावे लिओ यांनी तिच्या संतपदाच्या प्रक्रियेस अधिकृत मान्यता दिली. तेरेझची भक्ती नेमक्या याच वातावरणात बहरली.

तेरेझच्या भक्तीची तीन रूपे

(१) बालपणीची प्रेरणा : तेरेझने आपल्या आत्मकथनात बालपणीच्या वाचनाचा उल्लेख केला आहे. फ्रेंच वीरांगनांच्या, विशेषतः जोनच्या, कथा वाचताना आपणही तसेच काही करावे अशी तीव्र इच्छा तिला होई. त्याच सुमारास तिला अशी जाणीव झाली की, आपले वैभव जगाच्या डोळ्यांना दिसणारे नसेल. ते संत होण्यात असेल. पराक्रमाची ओढ तशीच ठेवून पराक्रमाचे क्षेत्र बदलण्याची ही पहिली पायरी होय.

(२) रंगमंचावरील तादात्म्य : कार्मेल मठात सणांच्या दिवशी भगिनींनी छोटी नाटके सादर करण्याची प्रथा होती. तेरेझने जोनवर दोन नाटके लिहिली आणि दोन्हींत जोनची भूमिका स्वतः केली. पहिले २१ जानेवारी १८९४ रोजी सादर झाले. त्यात दोंरेमीच्या मेंढपाळ मुलीला होणारे पाचारण हा विषय आहे. दुसरे बरोबर एका वर्षाने, २१ जानेवारी १८९५ रोजी झाले; त्यात रणांगण, तुरुंग, चिता आणि स्वर्गातील गौरव असा प्रवास आहे. या लेखनासाठी तिने आंरी वालों यांच्या जोनचरित्राचा आधार घेतला होता. दुसऱ्या प्रयोगात चितेचा प्रसंग चालू असताना मंचावर खरीच आग लागली. ती विझविली जात असताना, जागेवरून हलू नकोस या मठप्रमुखांच्या आज्ञेनुसार तेरेझ स्तब्ध उभी राहिली. नाट्य आणि साधना यांतील अंतर त्या क्षणी जवळजवळ मिटले होते.

तेरेझची बहीण सेलीन सप्टेंबर १८९४ मध्ये मठात आली ती आपला कॅमेरा घेऊन. तिने जोनच्या वेषातील तेरेझची छायाचित्रे काढली. त्यांपैकी काहींत ती तलवार आणि ध्वज घेऊन उभी आहे, तर काहींत तुरुंगात साखळदंडांनी जखडलेली आहे. ही दोन प्रकारची चित्रे शेजारी ठेवली की तिच्या भक्तीची दोन टोके स्पष्ट होतात.

(३) अंधारातील सोबत : एप्रिल १८९६ च्या आरंभी, पवित्र आठवड्यात, तेरेझला प्रथम रक्ताची उलटी झाली, तो क्षयरोग होता. त्याच ईस्टरच्या काळापासून तिच्या श्रद्धेची कठोर परीक्षा सुरू झाली. स्वर्ग आहे की नाही, याविषयीच्या शंकांनी तिला अखेरपर्यंत सोडले नाही. सप्टेंबर १८९६ मधील लेखनात तिने आपल्याला योद्धा, धर्मगुरू, प्रेषित, धर्मपंडित आणि हुतात्मा हे सर्व व्हावेसे वाटते असे लिहिले आणि चितेवरील जोनचे स्मरण केले. या सर्व आकांक्षांचे उत्तर तिला प्रेम या एका पाचारणात सापडले. मार्च १८९७ मध्ये लिहिलेल्या ‘माझी शस्त्रे’ या कवितेत दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतेच शस्त्रे बनतात. त्याच वर्षी जोनवर लिहिलेल्या अखेरच्या कवितेत तर ऑर्लेआँ व रँसचे वैभव मागे पडते आणि विश्वासघाताने पकडली गेलेली, काळोख्या कोठडीतील जोन तिला अधिक थोर वाटते.

आंतरिक झगड्यासाठी युद्धाची प्रतिमा वापरणे मराठी वाचकाला अपरिचित नाही. तुकोबांच्या अभंगांतही ती येते. तेरेझचे वैशिष्ट्य असे की, तिने ही प्रतिमा एका ऐतिहासिक व्यक्तीच्या चरित्रातून घेतली आणि त्या चरित्रातील विजयापेक्षा पराभवाला अधिक अर्थ दिला.

भक्तीची कसोटी : १८९७ चे प्रकरण

या भक्तीला एका सार्वजनिक फसवणुकीचाही स्पर्श झाला. लेओ ताक्सिल या लेखकाने डायना व्हॉन नावाची एक काल्पनिक स्त्री उभी केली होती. सैतानपूजक पंथातून, जोनवरील श्रद्धेमुळे, ती कॅथलिक झाली अशी कथा त्याने पसरविली आणि अनेक धर्मनिष्ठांनी ती खरी मानली. लिझ्यूच्या मठातून तिला पत्र गेले, सोबत जोनच्या वेषातील तेरेझचे छायाचित्रही गेले, उत्तरही आले. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमधील जाहीर सभेत ताक्सिलने हे सारे आपणच रचल्याचे सांगितले. त्या सभेत पडद्यावर दाखविण्यात आलेले छायाचित्र तेरेझचेच होते. त्यात ती तुरुंगातील जोनच्या रूपात होती आणि संत कॅथरीनच्या वेषातील सेलीन तिला धीर देत होती.

तेरेझने डायनाचे म्हणून आलेले पत्र फाडून खताच्या ढिगावर टाकले. त्या वेळी ती मृत्यूच्या वाटेवर होती आणि श्रद्धेच्या अंधारातून जात होती. जिवाच्या जवळची प्रतिमा उपहासाचा विषय झाल्यावर भक्ती सोडून देणे किंवा कटू होणे स्वाभाविक ठरले असते. परंतु जोनवरील तिची अखेरची कविता या घटनेनंतरची, मे १८९७ मधील आहे. न्यायाधीशांपुढे एकाकी उभी असलेली, आपल्याच धर्मसंस्थेतील माणसांनी दोषी ठरविलेली जोन तिला आता पूर्वीपेक्षा जवळची झाली होती. ३० सप्टेंबर १८९७ रोजी तेरेझचे निधन झाले.

उत्तरकालीन परिणाम

जोनला १९०९ मध्ये धन्यवादित आणि १६ मे १९२० रोजी संत घोषित करण्यात आले. येथे एक सूक्ष्म बाब नोंदविणे आवश्यक आहे. धर्मसंस्थेने तिला कुमारी संत म्हणून मान्यता दिली, हुतात्मा म्हणून नव्हे. कारण तिला मृत्यूकडे नेणारा निकाल धर्मन्यायालयाचाच होता. तेरेझने मात्र तिला हुतात्माच मानले होते. वैयक्तिक भक्ती अधिकृत वर्गीकरणाच्या पुढे कशी जाते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

तेरेझला १७ मे १९२५ रोजी संतपद मिळाले. जोन १९२२ पासून फ्रान्सची दुय्यम आश्रयदात्री संत होती. ३ मे १९४४ रोजी, देश परकीय ताब्यात असताना, पोप बारावे पायस यांनी तेरेझलाही तोच मान दिला. भक्त आणि तिची आराध्य संत अशा प्रकारे एकाच पंक्तीत आल्या. भारताशीही तेरेझचा संबंध आहे. १४ डिसेंबर १९२७ रोजी तिला मिशनकार्याची आश्रयदात्री घोषित करताना जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेत ज्यांचे अवशेष आहेत त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीचे स्थान देण्यात आले. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांनी आपले संन्यासनाम तिच्यावरूनच घेतले होते.

निष्कर्ष

१. तेरेझच्या भक्तीत मध्यस्थीपेक्षा अनुकरण प्रधान आहे. मात्र हे अनुकरण कृतीचे नसून वृत्तीचे आहे. तिने जोनची तलवार न घेता तिची निष्ठा घेतली.

२. ज्या काळात जोन ही राष्ट्रीय अस्मितेचे आणि पक्षीय संघर्षाचे प्रतीक बनत होती, त्याच काळात तेरेझने तिला मुख्यतः दुःखसहनाचे प्रतीक केले. तिच्या लेखनातील देशप्रेम खरे आहे, पण विजयाच्या अभिमानापाशी ती थांबत नाही.

३. संताच्या चरित्रातील कोणता क्षण भक्त मध्यवर्ती मानतो, यावर भक्तीचे स्वरूप ठरते. रँस निवडणारा भक्त विजय मागतो. रूआँची कोठडी निवडणारा धीर मागतो.

४. योद्धा संतांची प्रतिमा आजही राजकीय मंचावर सहज उभी केली जाते. अशा वेळी अभ्यासकाने ‘हा संत कोणाचा?’ या प्रश्नाबरोबरच ‘या संताच्या आयुष्यातील कोणता भाग पुढे आणला आहे आणि कोणता झाकला आहे?’ हा प्रश्नही विचारला पाहिजे.

इतिहासाच्या वर्गात जोनच्या खटल्याची साक्ष आणि साहित्याच्या वर्गात तेरेझचे आत्मकथन ही दोन्ही साधने एकत्र वाचली, तर एका व्यक्तीचे ऐतिहासिक आयुष्य आणि तिचे भक्तिमनातील आयुष्य यांतील नाते विद्यार्थ्यांना समजावून देता येईल. एकीने मृत्यूच्या छायेत न्यायाधीशांना उत्तरे दिली, दुसरीने मृत्यूच्या छायेत स्वतःच्या शंकांना. त्या दोघींमधील साडेचारशे वर्षांचे अंतर भक्तीने ओलांडले, आणि ते कसे ओलांडले हे पाहणे हा मानव्यविद्यांच्या अभ्यासाचा निश्चितच विषय आहे.