गाडी दारातल्या कडेला घासते? असा करा उतार, गटारही राहील मोकळं

गल्लीबोळांत सिमेंटचे रस्ते झाले, घरोघरी दुचाकी आली, कुठं चारचाकीही आली. पण रस्ता आणि अंगण यांची उंची जुळत नाही. मध्ये सहा-आठ इंचांची कड राहते. मग गाडी चढवायला रोज दगड नाहीतर फळी लावायची. फळी सरकली की गाडीसकट माणूस खाली. चारचाकी असेल तर बूड घासतं. त्यापेक्षा एकदाच पक्का उतार केलेला बरा. काम एका दिवसाचं आहे, पण मापात करायला हवं.

उतार किती लांब ठेवायचा?

आधी कडेची उंची टेपनं मोजा. गाडीसाठी सोपा हिशोब म्हणजे उंचीच्या आठपट लांबी. कड ६ इंच असेल तर उतार ४ फूट, ९ इंच असेल तर ६ फूट. घरात चाकाची खुर्ची वापरणारं माणूस असेल तर बारापट धरा, म्हणजे ६ इंचांना ६ फूट. दोन फुटांत सहा इंच चढवायला गेलात तर पावसाळ्यात चाक घसरणारच.

जागा कुणाची?

बरेच जण उतार थेट रस्त्यावर काढतात. तिथंच गल्ली अरुंद होते. अंधारात दुसऱ्याची दुचाकी त्यावर आपटते, रुग्णवाहिका अडते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ नुसार सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण ग्रामपंचायत काढू शकते. म्हणून जागा कमी असेल तर फाटकाच्या आतली फरशी फोडून उतार आपल्याच अंगणात घ्या. गटारावरून न्यायचा असेल तर ग्रामपंचायतीला आधी विचारा.

गटार बुजवू नका

गटारात मुरूम टाकून वर काँक्रीट ओतलं की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी मागच्या घरात शिरतं. भांडणं इथूनच सुरू होतात. बारीक पाईप टाकला तरी पाला-प्लास्टिक अडकून तो तुंबतो. गटारावर उचलता येईल अशी जाड लोखंडी जाळी सगळ्यात चांगली. महिन्यातून एकदा उचलून गाळ काढता येतो.

काम असं करा

१. माती खणून मुरूम टाका, पाणी मारून चांगला धुमसा.

२. खालच्या टोकाला काँक्रीट शून्यावर आणू नका. पातळ कड महिनाभरात उडते. तिथं मातीची पट्टी थोडी खणून किमान दोन-तीन इंच जाडी ठेवा. रस्त्याचं काँक्रीट मात्र फोडू नका.

३. एक घमेलं सिमेंट, दीड घमेलं वाळू, तीन घमेली खडी असा माल घ्या. पाणी बेताचंच टाका. दुचाकीसाठी ४ इंच, चारचाकी-ट्रॅक्टरसाठी ६ इंच जाडी ठेवा. ४ फूट लांब, ४ फूट रुंद आणि सरासरी ६ इंच जाड उताराला साधारण दोन गोण्या सिमेंट लागतं.

४. वरचा भाग गुळगुळीत करू नका. ओला असतानाच खराट्यानं आडव्या रेघा ओढा, चाकाला पकड मिळते.

५. गोणपाट टाकून निदान सात दिवस पाणी मारा. दुचाकी आठवड्यानं, चारचाकी दोन आठवड्यांनी आणि भरलेली ट्रॉली २८ दिवसांनीच चढवा.

घर रस्त्यापेक्षा खाली असेल तर

जुन्या रस्त्यावर नवा थर पडत गेला की घरं खाली राहतात. अशा ठिकाणी उतार आत येतो आणि त्याबरोबर पाणीही. म्हणून उताराच्या वरच्या टोकाला दीड-दोन इंचांचा गोलसर उंचवटा ठेवा. खालच्या टोकाला आडवी चारी काढून तिच्यावर जाळी बसवा. चारीचं पाणी गटारात किंवा शोषखड्ड्यात सोडा.

गवंडी आला की हे माप त्याला आधीच सांगा. "तेवढं चालतंय" म्हणून उतार आखूड केला, तर पुढची अनेक वर्षं गाडी तिथंच घासणार.