पैसे घेणाऱ्याने काही करावयाचे नसते

बदलीचा हुकूम आला, मुले परगावी शिकावयास गेली, अथवा वडीलधाऱ्यांच्या पश्चात जुने घर रिकामे करण्याची वेळ आली, म्हणजे मध्यमवर्गीय संसारात कपाट, सोफा, शिलाई मशीन, फ्रिज, सायकल अशा वस्तूंचे काय करावे हा प्रश्न हटकून उभा राहतो; त्या टाकवत नाहीत, ठेवावयास जागा नसते, आणि पुण्यातल्यासारख्या एखाद्या जुन्या बाजारात नेऊन विकाव्यात तर हमाली आणि टेम्पोचे भाडेच किमतीपेक्षा जड होते. अशा वेळी मोबाइलवर त्या वस्तूचे छायाचित्र काढावे, ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेस यांसारख्या ठिकाणी किमतीसह प्रसिद्ध करावे, आणि गिऱ्हाइकाच्या फोनची वाट पाहावी, ही सोय खरोखरच मोठी आहे. तिचा लाभ घेऊ नये असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्या पहिल्याच फोनवरून घरातील सालस, सुशिक्षित आणि व्यवहारी माणसे हजारो रुपये गमावून बसतात, आणि गमावल्यानंतर ते कसे गेले हेही त्यांना नीटसे सांगता येत नाही. म्हणून हा प्रकार मुळापासून समजून घेणे अगत्याचे वाटते.

विकत घेणाऱ्याने सावध असावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकविलेले असते. माल पारखून घ्यावा, माप पाहावे, पावती मागावी, हे संस्कार आपल्या अंगी मुरलेले आहेत. विकणाऱ्याला मात्र असे कोणी काही शिकविले नाही, कारण माल त्याच्या ताब्यात आणि पैसे येणार ते त्याच्याकडे, तेव्हा त्याचे जाणार ते काय, अशीच सर्वसाधारण समजूत. आणि रोखीच्या व्यवहारात ती बव्हंशी खरीही होती. बँकेचे खाते मोबाइलला जोडले गेले त्या दिवसापासून ती खरी राहिलेली नाही. विकणारा गिऱ्हाइकाशी ज्या यंत्रावरून बोलत असतो, त्याच यंत्रावरून त्याची आयुष्यभराची शिल्लक क्षणार्धात दुसऱ्याच्या खात्यात वळती होऊ शकते, आणि भामट्याचे लक्ष सोफ्याकडे नसून त्या शिलकीकडे असते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या कन्येने एक जुना सोफा अशाच रीतीने विकावयास काढला होता. गिऱ्हाईक म्हणून पुढे आलेल्या इसमाने, खाते बरोबर आहे की नाही याची खातरजमा करावयाची म्हणून, प्रथम एक अल्पशी रक्कम तिच्या खात्यात खरोखरच जमा केली. मग एक क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करावयास सांगितले, आणि तसे करताच येणे तर राहोच, उलट खात्यातून २०,००० रुपये गेले. तिने विचारणा केली, तेव्हा चुकून भलताच कोड पाठविला गेला, अशी दिलगिरी व्यक्त करून त्याने दुसरा कोड पाठविला, आणि आणखी १४,००० रुपये गेले. पुढे दिल्ली पोलिसांनी काही जणांना अटकही केली. राज्याची सारी प्रशासकीय यंत्रणा ज्या घराच्या हाकेच्या अंतरावर होती, त्या घरात हे घडले. तेव्हा फसगत झालेल्याला ‘तू शिकलेला असून असे कसे केलेस’ असे विचारणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

या युक्तीचे सारे सामर्थ्य त्या पहिल्या अल्पशा रकमेत आहे, आणि तिचा थोडा अधिक विचार केला पाहिजे. भामटा पुष्कळदा असे म्हणतो की, आधी पाच रुपयांचा कोड पाठवितो, तो स्कॅन करून पिन घाला, तुम्हाला दहा रुपये मिळतील. विकणारा तसे करतो. त्याचे पाच रुपये जातात, आणि पाठोपाठ दहा खरोखरच जमा होतात. वस्तुतः हे दोन व्यवहार सर्वस्वी भिन्न आहेत: पहिल्यात विकणाऱ्याने पैसे दिले, दुसऱ्यात समोरच्याने आपल्या हाताने वेगळे पाठविले. परंतु एकामागून एक घडल्यामुळे पहिले हे कारण आणि दुसरे हे त्याचे कार्य, असा भास मनावर ठसतो, आणि कोड स्कॅन केल्याने पैसे येतात हे आपण स्वतः अनुभवून पाहिले आहे अशी खात्री पटते. अनुभवाने पटलेल्या गोष्टीवर माणूस शंका घेत नाही. पुढचा कोड दहा किंवा वीस हजारांचा येतो, तेव्हा बोट आपोआप पिनच्या आकड्यांकडे वळते.

आता यंत्राची रचना पाहू. यूपीआय ही पद्धत नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने २०१६ साली प्रचारात आणली. तीत क्यूआर कोड म्हणजे पैसे घेणाऱ्याच्या खात्याचा पत्ता होय; त्याच्या जोडीला रक्कम आणि एखादी टीपही त्या चौकोनात भरून ठेवता येते. म्हणूनच भामटा टिपेच्या जागी ‘तुम्हाला वीस हजार मिळतील’ असा मजकूर लिहू शकतो, आणि बँकेला त्या मजकुराशी काही कर्तव्य नसते. देवळातील दानपेटीच्या फटीतून पैसे आत टाकता येतात, बाहेर काढता येत नाहीत. दुसऱ्याचा कोड स्कॅन करणे म्हणजे त्याच्या पेटीसमोर जाऊन उभे राहणे आहे. तसेच चार किंवा सहा आकड्यांचा यूपीआय पिन: पैसे देताना तो सहसा लागतो, खात्यातील शिल्लक पाहताना सहसा लागतो, पैसे घेताना मात्र कधीही, कोणत्याही बँकेत, कोणत्याही ॲपवर लागत नाही. आपण झोपलेले असताना, मोबाइल बंद असताना देखील आपल्या खात्यात रक्कम जमा होऊ शकते. घेणाऱ्याने आपला मोबाइल क्रमांक किंवा यूपीआयचा पत्ता कळविला, अथवा स्वतःचा कोड दाखविला, म्हणजे त्याचे काम संपले. त्यापुढे ‘हे दाबा’, ‘ते उघडा’, ‘आकडे घाला’ असे कोणी सांगू लागले, तर तो पैसे देण्यासाठी नव्हे, घेण्यासाठी आला आहे असे निश्चित समजावे.

पूर्वी यात आणखी एक वाट होती. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून रकमेची मागणी पाठवावी, आणि दुसरीने पिन घालून ती मंजूर करावी, अशी सोय होती. भामटे हीच मागणी ‘पैसे पाठविले आहेत, स्वीकारा’ असे सांगून पाठवीत. व्यक्ती-व्यक्तींमधील ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, हे उत्तम झाले. मात्र क्यूआर कोड आणि दुवे यांची वाट अद्याप मोकळीच आहे.

फोनवर बोलणारा इसम पुष्कळदा स्वतःला सैनिक म्हणवितो. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये काढलेल्या जनजागृतीच्या पुस्तिकेत, दूरच्या ठिकाणी नेमणूक असलेला सैनिक असल्याची बतावणी करणाऱ्या या गिऱ्हाइकांचा स्वतंत्र उल्लेख आहे. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाला घरोघरच्या सैनिकांमुळे ‘मिलिटरी’ हे नावच जोडले गेले आहे. अशा महाराष्ट्रात गणवेशातील माणसाकडे पावती मागणे कोणालाही संकोचाचे वाटते, आणि त्या आदराचाच हे लोक उपयोग करून घेतात, ही गोष्ट मला पैशाच्या नुकसानीइतकीच संतापजनक वाटते. ओळखपत्राचे, कँटीन कार्डाचे छायाचित्र लगोलग येते. ते बनावट असते किंवा दुसऱ्या कोणाचे तरी चोरलेले असते. ‘लष्करी खात्याची पैसे देण्याची रीत वेगळी असते’ असे सांगितले जाते; तशी कोणतीही वेगळी रीत यूपीआयमध्ये नाही. विश्वासाच्या बदल्यात तो आपले आधार कार्ड मागतो, आणि ते दिले तर पुढच्या माणसाला फसविताना तेच दाखविले जाण्याचा संभव असतो.

याहून सूक्ष्म अशी एक खूण मला फार विश्वसनीय वाटते. जुनी वस्तू घेणारे खरे गिऱ्हाईक घासाघीस करते. किती वर्षे वापरली, कोठे ओरखडा आहे, लाकूड कोणते, कधी पाहावयास येऊ, असे दहा प्रश्न विचारते, आणि शेवटी आपल्याला नकोसे वाटेल इतकी किंमत पाडून मागते. जो वस्तू न पाहता, किमतीत एक रुपया कमी न करता, जाहिरात दिल्यापासून तासाभरात पैसे द्यावयास निघतो आणि ‘माझा माणूस टेम्पो घेऊन येईल, तुम्ही फक्त पैसे घ्या’ अशी घाई करतो, त्याला त्या वस्तूची गरज नाही. ही घाई मुद्दाम केलेली असते. तो फोन खाली ठेवू देत नाही, कारण फोन ठेवला की माणूस घरातल्या कोणाला तरी विचारतो, आणि विचारले की युक्ती फसते.

उरलेल्या युक्त्या याच मुळाच्या फांद्या आहेत. पैसे पाठविल्याचे खोटे छायाचित्र दाखवून माल नेणे. बँकेच्या नावे, पण साध्या दहा आकडी क्रमांकावरून, जमा झाल्याचा संदेश पाठविणे. दोन हजारांऐवजी चुकून वीस हजार गेले, वरचे परत करा, अशी गयावया करणे. मदतीच्या मिषाने आपला पडदा दुसऱ्याला दिसेल असे ॲप उतरवून घ्यावयास लावणे. खोट्या छायाचित्रावर आणि संदेशावर एकच उपाय आहे, तो म्हणजे स्वतःचे बँकेचे ॲप स्वतः उघडून खात्यातील नोंद पाहणे आणि ती दिसेपर्यंत वस्तू उंबऱ्याबाहेर न जाऊ देणे. ‘सर्व्हर मंद आहे, थोड्या वेळाने दिसेल’ असे म्हणणाऱ्याला थोड्या वेळाने या असे सांगावे; त्यात असभ्यपणा नाही. जास्त रक्कम खरोखरच आली असेल, तर ती आपण होऊन परत न पाठविता देणाऱ्याने आपल्या बँकेमार्फत मागावी असे कळवावे. धनादेश दिला असेल तर तो वटल्याचे बँकेकडून समजेपर्यंत थांबावे. वरचेवर विक्री करणाऱ्याने तर त्यासाठी थोडक्या शिलकीचे निराळे खाते ठेवावे. व्यवहार दिवसाउजेडी, सोबतीला कोणी असताना करावा. आणि लहानसहान वस्तू रोखीने विकण्यात कमीपणा मानू नये.

एवढे करूनही फसगत झाली, तर पहिली गोष्ट म्हणजे १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्याच क्षणी फोन करावा. गेलेली रक्कम भामट्याच्या स्वतःच्या खात्यात सहसा राहत नाही. ती भाड्याने घेतलेल्या दोन-चार खात्यांतून फिरवून काढून घेतली जाते. १९३० वर नोंद झाली म्हणजे संबंधित बँकांना सूचना जाते, आणि वाटेत जी रक्कम सापडेल ती गोठविता येते. पुढे ती रीतसर आदेशानंतर परत मिळण्याची आशा राहते. हा क्रमांक पाठ असलेला बरा, कारण बँकेचा मदत क्रमांक ऐनवेळी गूगलवर शोधू जाता भामट्यांनीच पेरलेला खोटा क्रमांक हाती लागतो. त्याचबरोबर आपल्या बँकेला कळवावे आणि केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर लेखी तक्रार करावी. तीत व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम, समोरच्याचा फोन क्रमांक आणि संभाषणाची छायाचित्रे द्यावीत, आणि संतापाच्या भरात ते संभाषण पुसून टाकू नये.

दिरंगाई का करू नये याला कायद्याचेही कारण आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या जबाबदारीची मर्यादा ठरवून दिली. त्यानुसार ग्राहकाचा किंवा बँकेचा दोष नसताना त्रयस्थाच्या लबाडीने पैसे गेले आणि ते तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. परंतु ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले असतील, तर बँकेला कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याचे, आणि कळविल्यानंतर जे घडेल ते बँकेचे. जुन्या वस्तूंच्या या फसवणुकीत पिन विकणाऱ्याच्याच हाताने घातलेला असल्यामुळे बँका बहुधा पहिल्या नियमाचा लाभ देऊ करीत नाहीत. हा भेद मला कठोर वाटतो, कारण संमती कपटाने काढून घेतलेली असते. तथापि तो आहे तोवर कळविण्यात गेलेला प्रत्येक तास ग्राहकाच्याच नावे पडतो. माणसे हा वेळ लाजेत घालवितात. वडील मुलांना सांगत नाहीत, सून सासऱ्यांना सांगत नाही. संध्याकाळी घरात कळते, तोवर पैसे तीन राज्ये ओलांडून गेलेले असतात.

ज्याला असा फोन आला, पण ज्याने वेळीच ओळखून तो ठेवून दिला, त्याचेही काम तेथे संपत नाही. त्याने त्या गिऱ्हाइकाचे खाते जाहिरातीच्या ठिकाणी तक्रारीत द्यावे, आणि तो फोन क्रमांक दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरील ‘चक्षु’ या सदरात कळवावा. पैसे गेले नसतानाही संशयित क्रमांक कळविता यावेत यासाठीच ते २०२४ मध्ये सुरू केलेले आहे, आणि पडताळणीअंती असे क्रमांक बंद केले जातात. त्यास पाच मिनिटे लागतात, आणि त्याच दुपारी त्याच क्रमांकावरून दुसऱ्या कोणाच्या तरी कपाटाची चौकशी चाललेली असते.