‘रॉक मशीन’ ते ‘इंडस क्रीड’ : स्वतःच्या गाण्याची किंमत

जळगाव-धुळ्याकडे लग्नसराईत वरातीपुढे बँड उभा राहिला, की हिंदी चित्रपटगीतांच्या जोडीने अहिराणी गाण्यांची फर्माईश होतेच. लोकांना ठाऊक असेल तेच वाजवायचे, हा या व्यवसायाचा पहिला नियम. हा नियम मोडून एखादा बँड केवळ स्वतःची गाणी घेऊन उभा राहिला, तर काय होते? मुंबईच्या ‘रॉक मशीन’ची वाटचाल या प्रश्नाचे बोलके उत्तर आहे.

हा बँड १९८४ मध्ये स्थापन झाला. महाविद्यालयीन महोत्सवांत पाश्चात्त्य बँडची गाजलेली गाणी हुबेहूब वाजवणे, हीच त्या काळी रॉक वादकांची कसोटी मानली जाई. ‘रॉक मशीन’नेही तिथूनच सुरुवात केली. पण पुढे गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या इंग्रजी रचनांचा आग्रह धरला. ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा त्यांचा पहिला अल्बम १९८८ मध्ये आणि ‘द सेकंड कमिंग’ हा दुसरा १९९० मध्ये प्रसिद्ध झाला.

लवकरच उपग्रह वाहिन्या आल्या. त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याची चित्रफीत एमटीव्हीवरून घरोघरी पोहोचली. १९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले. जुन्या नावातून बँड कुठला, हे कळत नव्हते. नव्या नावात सिंधू नदी आली. याच नावाचा अल्बम १९९५ मध्ये निघाला.

मात्र ज्या वाहिन्यांनी बँडला घरोघरी नेले, त्याच पुढे प्रेक्षकसंख्येसाठी हिंदीकडे वळल्या. इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय बँडची जागा आक्रसली आणि १९९७ मध्ये ‘इंडस क्रीड’ थांबला.

नेदरलँड्समधील ‘शॉकिंग ब्लू’ची गोष्ट येथे ताडून पाहण्यासारखी आहे. मातृभाषा डच असलेल्या या बँडने १९६९ मध्ये ‘व्हीनस’ हे इंग्रजी गीत प्रसिद्ध केले आणि १९७० मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पुढे तेवढे यश पुन्हा लाभले नाही आणि १९७४ मध्ये बँड विसर्जित झाला. गाणे मात्र उरले : १९८६ मध्ये ‘बनानारामा’ या ब्रिटिश गायिकांच्या संचाने ते पुन्हा अमेरिकेत अव्वल स्थानी नेले. डच बँडला इंग्रजीने परदेशाची बाजारपेठ उघडून दिली. मुंबईच्या बँडला तशी बाजारपेठ मिळाली नाही आणि त्याच इंग्रजीमुळे घरची बाजारपेठही मोजक्या श्रोत्यांपुरतीच राहिली.

तरीही ‘इंडस क्रीड’ संपला नाही. २०१० मध्ये बँड पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला. तोही स्वतःच्याच गाण्यांचा.

खान्देशातील कलावंतांसाठी यात एक सूचक धडा आहे. आपली भाषा समजणारा श्रोता मुंबईच्या या बँडला शोधत फिरावे लागले. अहिराणी गाण्याचा श्रोता मात्र प्रत्येक वरातीत समोरच नाचत असतो. त्याच्यापुढे फर्माईशीबरोबर एखादे नवे, स्वतःचे गाणे वाजवण्याचे धाडस तेवढे हवे.