स्ट्रट बार : जुन्या गाडीची आडवी तुळई

गिरगाव-लालबागच्या जुन्या कौलारू चाळींत छपराच्या कैचीला तळाशी आडवी तुळई असते. छपराचा भार भिंतींना बाहेर लोटू पाहतो. तुळई ते होऊ देत नाही. जुन्या स्पोर्ट्स कूपेच्या बॉनेटखाली बसवला जाणारा स्ट्रट बारही असाच दोन बाजू बांधून ठेवतो.

मॅकफर्सन स्ट्रटचा प्रसार १९५० च्या फोर्ड कॉन्सलपासून वाढला. त्यात स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात असतात. खांबाचे वरचे टोक गाडीच्या पत्र्याच्या मनोऱ्याला बोल्टांनी जखडलेले असते. वेगाने वळताना मनोरा किंचित लवतो, चाकाचा कल बदलतो. दोन्ही मनोरे दांड्याने जोडले की हे लवणे कमी होते. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीला पुढे विशबोन आहेत, म्हणून तिथे या दांड्याला फारसे काम नाही. १९८३ साली आलेली मारुती ८०० मात्र स्ट्रटवरची गाडी.

दांडा गंजावरचा इलाज नव्हे. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत मनोऱ्याचा पत्रा आतून खाल्ला जातो. तिथे दांडा बसवला तर दोष फक्त झाकला जातो. म्हणून आधी बोल्टांभोवतीचा पत्रा आणि वेल्डिंगचे सांधे तपासावेत, झिजलेले रबरी बुश बदलावेत. मगच, गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी असताना, दांडा ताण न देता बसवावा. पत्रा कुजलेला निघाला, तर दांड्याचे पैसे आधी पत्र्यावर खर्च करावेत.